नव्या पुस्तकांचे कपाट

संस्थेचा इतिहास म्हटला की अध्यक्षांची यादी, कोनशिलेवरचा मजकूर, देणगीदारांची नावे आणि दर दोन परिच्छेदांआड 'अथक परिश्रम' हे शब्द, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. त्यात गैर काही नाही. ज्यांनी पदरमोड केली त्यांची नावे राहिलीच पाहिजेत. मला मात्र ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. दर वर्षी इथे नवी पुस्तके आली. ती कोणाच्या सांगण्यावरून आली, कशी मिळाली, कोणी वाचली आणि वाचून झाल्यावर त्यांचे काय झाले, एवढाच माझा विषय. सव्वाशेहून अधिक वर्षांचा बराचसा इतिहास त्यात येऊन जातो, असे मला वाटते.

१ जून १८९३ रोजी संस्था सुरू झाली तेव्हा ठाण्याला वाचनाचे नावीन्य नव्हते. बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली त्याला चाळीस वर्षे झाली होती. जिल्ह्याचे ठिकाण असल्याने कचेऱ्या होत्या, कोर्ट होते, त्यामुळे वकील होते, कारकून होते. 'अरुणोदय' हे वृत्तपत्र १८६६ पासून इथूनच निघत होते. ग्रंथालयांचीही तोवर एक पिढी होऊन गेली होती. रत्नागिरीचे १८२८ सालचे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. ठाण्याचे नगर वाचन मंदिरही त्याच परंपरेतले. गोरे अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे शिकलेले देशी गृहस्थ यांच्या पुढाकाराने निघालेल्या त्या 'नेटिव्ह जनरल लायब्रऱ्या'. त्यांच्या कपाटांत इंग्रजी ग्रंथांचा मान मोठा असे. मराठी पुस्तके असत, पण कोपऱ्यात.

हे ओघानेच होते. मुंबई विद्यापीठाने स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत देशी भाषांना वरच्या परीक्षांतून रजा दिली होती. न्यायमूर्ती रानडे त्यासाठी वर्षानुवर्षे भांडत होते आणि त्यांच्या प्रयत्नांना यश आले ते त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस. म्हणजे १८९३ साली कॉलेजात शिकणाऱ्या ठाणेकर तरुणाला मराठी हा विषयच नव्हता. मराठी ही घरात बोलण्याची, वर्तमानपत्रात वाचण्याची आणि फार तर पोथीत ऐकण्याची भाषा. आणि नेमकी याच सुमारास ती लेखणीच्या बाजूने भराला आली होती. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती, आगरकरांचा 'सुधारक' चालू होता, निर्णयसागर छापखान्याची देखणी छपाई घराघरांत पोचली होती. लिहिले जात होते, छापले जात होते. पण छापलेले सगळे एका जागी ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तो विचारला विनायक लक्ष्मण भावे यांनी. पनवेलजवळच्या पळस्प्याला ६ नोव्हेंबर १८७१ रोजी जन्म. म्हणजे संस्था काढली तेव्हा वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. शिक्षण विज्ञानाचे, पुढे उद्योग मिठागरांचा. वाङ्मयाशी पोटापाण्याचा काडीचा संबंध नाही. कदाचित म्हणूनच त्यांनी सोबतच्या मंडळींना घेऊन जो हेतू धरला तो साहित्यिकाचा नव्हता, मोजदाद करणाऱ्याचा होता. मराठीत छापले गेलेले प्रत्येक पुस्तक आपल्या संग्रहात असावे. चांगले, उत्तम, निवडक असा शब्द त्यात नाही. प्रत्येक. व्याकरण, लावण्या, पाकशास्त्र, पंचांग, नाटक, मिशनऱ्यांची पत्रके, शाळेची क्रमिक पुस्तके, सगळे. केवळ मराठी ग्रंथांसाठी ग्रंथालय काढण्याची ही पहिली खटपट मानली जाते. ती कल्पना आज साधी वाटते, पण त्या काळच्या शहाण्या माणसाला ती नक्कीच अतिरेकी वाटली असणार.

गंमत अशी की सरकारजवळ हे काम करण्याचे साधन होते. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल कराव्या लागत. जुन्या मराठी पुस्तकांच्या आतल्या पानावर 'हे पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे' अशा धर्तीची ओळ असते ती त्यामुळेच. पण सरकारला याद्या हव्या होत्या त्या मुख्यतः लोक काय छापतात यावर डोळा ठेवण्यासाठी. वाचायला द्यायच्या म्हणून नव्हे. ठाण्याच्या संस्थेला असा कोणताही अधिकार नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली प्रती दाखल करण्याचा नवा कायदा झाला, त्यातही मान मिळाला तो कोलकाता, मुंबई, मद्रास आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना. ठाण्याने जे मिळवले ते मागून, विकत घेऊन आणि कोणा मृत गृहस्थाच्या घरचे कपाट रिकामे होताना योग्य वेळी दाराशी उभे राहून.

या शेवटच्या प्रकाराला ग्रंथालयांच्या भाषेत 'देणगी ग्रंथ' म्हणतात. नव्वद टक्के पुस्तके आधीच असलेली निघतात, उरलेल्यांपैकी निम्म्यांना वाळवी लागलेली असते. पण एखादे असे हाती लागते की बाकीचा भार वाहिल्याचे सार्थक होते. देणाऱ्याच्या मुलांना ते कोणते, हे बहुधा कधीच कळत नाही.

ठाण्याचे पाहून इतरांनी उचल घेतली. पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १८९८ रोजी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. पुण्याचे मराठी ग्रंथालय १९११ चे. निजामाच्या राज्यात, हैदराबादेत, १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. तिथे राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि आजूबाजूला तेलुगू. अशा ठिकाणी मराठी पुस्तकांचे कपाट उघडणे हे ठाण्याहून कितीतरी अवघड काम होते. मोठेपणाच्या याद्यांत ठाण्याचे नाव आधी येते ते तारखेमुळे. हैदराबादकरांची हिंमत त्याने कमी होत नाही.

भाव्यांच्या बाबतीत एक विसंगती मला नेहमी गमतीची वाटते. त्यांच्या दृष्टीने सर्वांत नवे पुस्तक म्हणजे सर्वांत जुने पुस्तक. १९०३ पासून त्यांनी 'महाराष्ट्र कवि' नावाचे मासिक चालवले. त्यात काय असे, तर हस्तलिखितांतून शोधून काढलेली प्राचीन कविता. वाचक नव्या कादंबरीची वाट पाहतो तशी ते बाडांची वाट पाहत. त्यांच्या 'महाराष्ट्र सारस्वत' या वाङ्मयेतिहासाचे पहिले रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'ग्रंथमाला' मासिकातून आले. १९१९ सालची दुसरी आवृत्ती निघेपर्यंत महानुभावांच्या सांकेतिक लिप्या उलगडू लागल्या होत्या आणि शतकानुशतके मठांत बंद असलेले वाङ्मय डोळ्यांसमोर आले होते. भाव्यांनी ते सगळे आवृत्तीत घेतले आणि पुस्तक जवळजवळ नव्याने लिहिले. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा मजकूर ही त्या दशकातली ताजी बातमी होती. १९२६ साली भावे गेले. पुढे शं. गो. तुळपुळ्यांनी 'सारस्वता'ला पुरवणी जोडली, म्हणजे ते पुस्तक त्यानंतरही वाढतच राहिले.

पण वर्गणी भरणारा सभासद हस्तलिखिते वाचायला येत नाही. त्याला कादंबरी हवी असते, आणि तीही शेजाऱ्याच्या आधी. संस्थेच्या पोटात ही ओढाताण पहिल्यापासून आहे आणि ती मिटलेली नाही. मिटू नये, असे मी म्हणेन. सारे जमवून ठेवायचे तर पैसा लागतो. पैसा येतो वर्गणीदारांकडून. वर्गणीदार टिकतो नव्या पुस्तकांवर. नवे पुस्तक शंभर हातांतून फिरले की त्याची पाठ मोडते, पाने निखळतात, आणि जमवणाऱ्याच्या मनात येते की एक प्रत तरी कोरी ठेवायला हवी होती. कोरी ठेवायची तर दोन घ्यायला हव्यात. दोन घ्यायला पैसा नाही. दर महिन्याच्या सभेत कुठे ना कुठे हे चक्र येतेच.

दाखल नोंदवही उघडली की हे सारे दिसू लागते. जाड पुठ्ठ्याची, लांबट, कापडी पाठीची ही वही कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयात सारखीच. दाखल क्रमांक, तारीख, ग्रंथकर्ता, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, साल, पृष्ठे, किंमत, आणि शेवटी शेरा. बाकीचे रकाने पुस्तक आले त्या दिवशी भरले जातात. शेऱ्याचा रकाना रिकामा राहतो आणि वर्षानुवर्षांनी कोणा दुसऱ्याच हस्ताक्षरात, वेगळ्या शाईने भरला जातो. 'गहाळ'. 'जीर्ण'. 'किंमत वसूल'. कुठे 'पुनर्बांधणी'. ज्या कादंबऱ्यांपुढे 'जीर्ण' आणि लगेच दुसऱ्या प्रतीचा क्रमांक दिसतो त्या खऱ्या वाचल्या गेलेल्या. ज्यांच्या शेऱ्याचा रकाना आजही कोरा आहे ती पुस्तके सुखरूप आहेत, आणि बहुतेक वेळा कोणी न उघडल्यामुळेच. आज संशोधक त्यांच्याच शोधात येतात हा भाग निराळा.

वाचून झिजलेल्या आणि न वाचता झिजलेल्या पुस्तकांत फरक असतो. १८४०-५० च्या शिळाप्रेसवरच्या पोथ्या अजून हाताला मऊ लागतात, कारण तो कागद चिंध्यांच्या लगद्याचा. त्यानंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, पुस्तके स्वस्त झाली, वाचक वाढले. पण त्या कागदात आम्ल राहते आणि ते आतून त्याला खात जाते. कडा आधी तांबूस होतात, मग तपकिरी, आणि एक दिवस पान उलटताना कोपरा बोटांतच राहतो. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले तेव्हाच्या आवृत्त्या तर विचारूच नका. म्हणजे आजोबांपेक्षा पणजोबांची पुस्तके धडधाकट. डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला, उन्हे दाखवणे हे कसरीवरचे उपाय. आम्लावर घरगुती उपाय नाही. जुन्या पुस्तकांची छायाप्रत किंवा संगणकीय प्रत करण्याची घाई त्यासाठी. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याचा हक्क असतो. त्यापलीकडच्या पुस्तकांच्या प्रती करायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त माणसे आणि पैसा लागतो. दोन्ही नेहमीच कमी.

कोण वाचत होते? सुरुवातीच्या काळातल्या कोणत्याही मराठी ग्रंथालयाच्या सभासद-यादीवर नजर टाकली तर सगळी नावे पुरुषांची. त्यावरून बायका वाचत नव्हत्या असे कोणी ठरवील तर फसेल. नवऱ्याच्या, भावाच्या नावावर पुस्तके घरी जात आणि दुपारच्या निवांतपणी माजघरात वाचली जात. देवघेवीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या गृहस्थाच्या हातात जी चिठ्ठी असे तिच्यावरचे अक्षर बरेचदा त्याचे नसे. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' आले आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! पुस्तक वाईट म्हणणाऱ्यांनीही ते मागवले असणार. त्याशिवाय वाईट म्हणता कसे येईल? 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिके त्याच काळात घरोघर गेली. बायका स्वतःच्या नावाने सभासद होऊन दारातून आत येऊ लागल्या त्याचे श्रेय शाळा-कॉलेजांबरोबर या मासिकांनाही द्यायला हवे.

आणि मग बाबूराव अर्नाळकर. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा माणूस मराठी ग्रंथालयांना एक मोठाच पेच घालून गेला. 'झुंजार' आणि 'काळापहाड' यांच्यासाठी पोरे खिडकीशी झुंबड करीत. कार्यकारिणीतल्या सभ्य मंडळींना प्रश्न पडे की असले वाङ्मय संस्थेच्या पैशाने घ्यायचे का. अनेक ठिकाणी घेतले, पण बांधले नाही. फाटले की टाकून दिले. परिणाम असा की ज्यांच्या शेकड्यांनी प्रती खपल्या त्यांच्यातली कितीतरी शीर्षके आज शोधून मिळत नाहीत, आणि ज्या चरित्रात्मक निबंधांना कोणी हात लावला नाही ते कापडी बांधणीत उभे आहेत. भाव्यांच्या त्या 'प्रत्येक' शब्दाची किंमत इथे कळते. काय टिकेल, काय कचरा आहे, हे त्या त्या वेळच्या शहाण्यांनी ठरवायचे नसते. निदान संग्रहालयाने तरी नाही.

नव्या पुस्तकांचा खरा बहर स्वातंत्र्यानंतरचा. १९५५ चे 'बनगरवाडी', १९५८ ची 'बटाट्याची चाळ', १९५९ चे 'ययाति', १९६२ चे 'स्वामी', १९६७ चे 'मृत्युंजय'. ही पुस्तके लागोपाठ आली ती वर्षे ज्यांनी ग्रंथालयात काढली ते भाग्यवान. 'मृत्युंजय'साठी नंबर लावावा लागे आणि नंबर आला की जाडजूड पुस्तक ठरल्या मुदतीत संपवायचे म्हणून घरात पाळ्या लागत. मधल्या १९६३ सालच्या 'कोसला'ची कथा वेगळी. ते ज्यांना आवडले त्यांना फार आवडले, बाकीच्यांनी चार पाने वाचून परत केले. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि ग्रंथालयांच्या कपाटात तोवर ज्यांना जागा नव्हती त्यांचे आयुष्य पहिल्यांदा त्यांच्याच शब्दांत दाखल झाले. नोंदवहीत ते 'चरित्र-आत्मचरित्र' या विभागात गेले, गांधी-टिळकांच्या शेजारी. वर्गीकरणाने नकळत एक न्याय करून टाकला.

दिवाळी अंकांवर वेगळे लिहायला हवे, कारण मराठी ग्रंथालयाच्या वर्षाची सुरुवात खरे तर तिथे होते. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून हा प्रकार मराठीला असा चिकटला की नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाइतकाच तो सणाचा भाग झाला. ग्रंथालयात अंकांची वेगळी वर्गणी असते. ती भरली की फाल्गुन-चैत्रापर्यंत एकामागून एक अंक घरी. अंक दोन दिवसांत परत, पुस्तकासारखे लाड नाहीत. त्या दिवसांत देवघेवीच्या टेबलावरचा माणूस एकटा शंभर गोष्टी सांभाळत असतो. 'मौज' आली का, 'आवाज' कोणाकडे आहे, त्याच्या खिडक्या कोणी फाडल्या, आणि राशिभविष्याचा अंक सगळ्यांना एकाच दिवशी का हवा असतो. वाचून झालेले अंक वैशाखात गठ्ठे बांधून ठेवतात आणि जागेची अडचण आली की सर्वांत आधी कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. हे थांबायला हवे. मराठी कथेचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला पुस्तकांपेक्षा हे अंकच जास्त लागतात, कारण कितीतरी कथा अंकात आल्या त्या तिथेच राहिल्या.

सरकारचा हात ग्रंथालयांच्या पाठीवर येण्याची हकिगत थोडक्यात सांगतो. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३९ साली फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गावापासून राज्यापर्यंत ग्रंथालयांची साखळी असावी असे तिने सुचवले. युद्ध, स्वातंत्र्य, राज्यपुनर्रचना यांत वर्षे गेली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. मद्रास राज्याने १९४८ सालीच कायदा करून ग्रंथालय कर बसवला होता. महाराष्ट्राने कर न लावता अनुदानाचा मार्ग धरला. लोकांनी चालवलेल्या संस्था लोकांच्याच हाती राहिल्या हा त्याचा फायदा. हप्ता कधी येईल याकडे डोळे लावून बसणे हा तोटा. अ, ब, क, ड असे वर्ग पडले, तपासणी आली, नमुने आले, शासनमान्य ग्रंथांची यादी आली. राज्यात आज अशी अकरा-बारा हजार ग्रंथालये आहेत, आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी नवी पुस्तके खरेदी होतात ती मार्च महिन्यात, कारण अनुदान खर्ची टाकण्याची मुदत ३१ तारखेला संपते. घाईने केलेल्या खरेदीत काय येते हे जाणकारांना सांगायला नको. विक्रेता ज्यावर सवलत जास्त देतो ते आधी येते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाकडूनही १९७२ नंतर पुस्तकांचे गठ्ठे येऊ लागले. त्यांत हिरे असतात आणि गोटेही.

पुस्तक निवड समिती हा म्हणूनच कोणत्याही संस्थेचा कणा. तिचे नाव कोनशिलेवर नसते. मागणी-वहीत सभासदांनी लिहिलेली शीर्षके, वर्तमानपत्रांतली परीक्षणे, प्रकाशकांच्या याद्या आणि शिल्लक रक्कम समोर ठेवून चार-पाच माणसे बसतात. एकाचा ओढा इतिहासाकडे, एकाचा कवितेकडे, एक जण प्रत्येक पुस्तकाची किंमत विचारतो. कवितासंग्रह हमखास शेवटी राहतात. तरी दर वर्षी दोन-चार कवितासंग्रह कोणीतरी रेटून घ्यायला लावतो, आणि पंचवीस वर्षांनी त्यांतला एक पाठ्यपुस्तकात दिसतो.

कार्यक्रमांविषयी. ठाण्यात अखिल भारतीय साहित्य संमेलने भरली ती १९६० साली रा. श्री. जोगांच्या, १९८८ साली वसंत कानेटकरांच्या आणि २०१० साली उत्तम कांबळ्यांच्या अध्यक्षतेखाली. अशा वेळी गावातल्या ग्रंथप्रेमी संस्थांचा कस लागतो आणि लोकांनाही आपल्या गावात एवढी पुस्तके विकली जातात याचा पत्ता लागतो. पण मांडव उठला की संमेलन संपते. ग्रंथालयाचे काम त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी सुरू होते, जेव्हा कोणीतरी येऊन विचारतो, 'त्या परिसंवादात ते एका पुस्तकाबद्दल बोलले, नाव आठवत नाही, निळे कव्हर आहे.' आणि ग्रंथपाल ते काढून देतात. हा प्रसंग ज्याने पाहिला नाही त्याने ग्रंथालय पाहिले नाही.

सभा-व्याख्याने पूर्वीपासूनच होती. लेखकाला पाहायला लोक येत. अलीकडे अभिवाचनाला गर्दी होते. दोघे-तिघे जण खुर्च्यांवर बसून नाटकातला प्रवेश, एखादी दीर्घकथा किंवा पत्रव्यवहार वाचतात. ना नेपथ्य, ना वेशभूषा. डोळ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांची त्यात मोठी सोय झाली. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मागायला रांग लागते, हे कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या पुस्तकाच्या संस्थेकडे पुरेशा प्रती नाहीत त्याचे अभिवाचन ठेवून उपयोग नाही. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन, २०१५ पासून १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या नावाने वाचन प्रेरणा दिन, हिवाळ्यात जिल्ह्याचा ग्रंथोत्सव. कॅलेंडर भरलेले असते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन १८९२ सालचे, म्हणजे आपली संस्था निघाली तेव्हा ते रांगत असतील. पुस्तके वापरण्यासाठी असतात हा त्यांचा पहिला नियम १९३१ साली पुस्तकात आला. आमच्या शेऱ्याच्या रकान्यात तो त्याआधीपासून 'जीर्ण' या शब्दात लिहिलेला होता.

१५ ऑक्टोबरचा आणखी एक संदर्भ आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि राज्यातली ग्रंथालये बंद झाली. दारूची दुकाने उघडली, केशकर्तनालये उघडली, ग्रंथालये बंदच. सात महिन्यांनी परवानगी मिळाली ती नेमकी १५ ऑक्टोबरपासून. योगायोग की कोणा अधिकाऱ्याची रसिकता, देव जाणे. परत आलेली पुस्तके बाजूला ठेवून मगच कपाटात लावायची, अशा सूचना होत्या. सात महिने घरी राहिलेल्या पुस्तकांवर दंड आकारायचा की नाही, यावर ठिकठिकाणच्या कार्यकारिणींनी खल केला असेल. आकारला नसेल अशी आशा.

तेव्हापासून काही सभासद परतले नाहीत. काहींची सवय मोडली, काही मोबाइलवर वाचू लागले, काही गेले. नवे जे येतात त्यांत आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात हे विशेष. मुले इंग्रजी शाळेतली, मराठी अडखळत वाचणारी. त्यांच्यासाठी मोठ्या टायपातली, चित्रांची पुस्तके हवीत आणि तशी पुस्तके मराठीत आता बरी निघतात. आजोबांना वाटते नातवाने 'श्यामची आई' वाचावी. नातवाला डायनोसॉर हवा असतो. शहाणा ग्रंथपाल डायनोसॉर देतो, मराठीतला.

आता पुढच्या नोंदवहीविषयी, म्हणजे येत्या वर्षांच्या पुस्तकांविषयी. पूर्वी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघे आणि तिच्या जिवावर एक प्रत ठाण्यात येऊन पडे. आज मागणीनुसार छपाई होते. शंभर-दोनशे प्रती काढून लेखक स्वतःच नातेवाइकांना, मित्रांना वाटतो आणि पुस्तक कोणत्याही दुकानात न जाता संपते. असे पुस्तक कोणत्याच प्रकाशकाच्या यादीत नसते, कोणत्याच विक्रेत्याकडे नसते, शासनमान्य यादीत तर नसतेच. भाव्यांच्या काळी पुस्तके दुर्मिळ व्हायला पन्नास वर्षे लागत. आता ती जन्मतःच दुर्मिळ असतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर या पट्ट्यात लिहिणारी माणसे किती आहेत ते सांगायला नको. निवृत्त अभियंत्याचे गिर्यारोहणाचे अनुभव, कोण्या शिक्षिकेने जमवलेल्या आगरी ओव्या, एखाद्या मिलकामगाराचे आत्मवृत्त. यांतले काय महत्त्वाचे ठरेल ते आज कोणी सांगू शकत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने लेखकांना एक विनंती. पुस्तक निघाले की दोन प्रती ग्रंथसंग्रहालयात आणून द्या. एक देवघेवीला, एक कायमची ठेवायला. प्रकाशन समारंभाची पत्रिका नाही पोचली तरी चालेल. पण आतल्या पानावर प्रकाशनाचे साल, छापखान्याचे नाव आणि आवृत्ती कितवी ते छापलेले असू द्या. हौसेने काढलेल्या निम्म्या पुस्तकांवर हे नसते आणि मग नोंदवहीतले तीन रकाने रिकामे राहतात. आणि माळ्यावर १९७० च्या आधीचे दिवाळी अंक असतील तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ग्रंथपालांना एक फोन करा. आमच्याकडे तो अंक असला तरी चालेल. मुखपृष्ठ शाबूत असलेली दुसरी प्रत नेहमीच उपयोगी पडते.